तोळाभर वजनाची गोळी

धनत्रयोदशीला सराफाच्या पेढीवर जाल, तेव्हा एक गंमत करा. आता सगळीकडे ग्रॅमचे आणि विजेवर चालणारे काटे आले आहेत हे खरे. परंतु एखाद्या जुन्या सराफाच्या खणात तोळ्याचे पितळी वजन अजून पडलेले असते. ते मागून घ्या आणि क्षणभर तळहातावर धरून पाहा. केवढे ते! चिंचोक्यापेक्षा थोडे मोठे. खिशात टाकले तर आहे की नाही याचाही पत्ता लागणार नाही.

आता अशी कल्पना करा, की एवढ्याच वजनाचा, पेन्सिलीइतका जाड आणि जेमतेम सव्वा इंच लांबीचा धातूचा एक तुकडा सेकंदाला सुमारे २,९०० फूट वेगाने निघाला आहे. म्हणजे आवाजाच्या अडीचपट वेगाने! ज्याला तो लागायचा, त्याच्या कानी बंदुकीचा बार पोचण्यापूर्वी तो लागलेला असतो. साडेचार क्विंटल ओझे जमिनीपासून मीटरभर उंच उचलायला जेवढी शक्ती लागेल, तेवढी त्या तोळाभर तुकड्यात भरलेली असते.

ही तुलना मी ओढूनताणून केलेली नाही. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांना तोंडपाठ होते. त्या तोळ्याचे वजन ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८३३ साली १८० ग्रेन असे कायम केले. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा, जवाचा दाणा. आणि मौज अशी, की जगातले बंदूकवाले आपल्या गोळ्या आजही त्याच ग्रेनने तोलतात. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने १९२५ साली ‘सुपर थर्टी’ नावाचे एक काडतूस बाजारात आणले. अमेरिकेत पुढे ते ‘.३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम’ म्हणून गाजले. त्यात निरनिराळ्या वजनांच्या गोळ्या घालता येतात, पण शिकाऱ्यांची विशेष आवडती गोळी १८० ग्रेनची. गुंजभर कमी नाही, गुंजभर जास्त नाही. चोख एक तोळा!

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची दारे बंद केली, आणि ते योग्यच झाले. तेव्हा ही हकिकत कोणी बंदूक खांद्यावर टाकावी म्हणून सांगत नाही. ती सांगायची ती एवढ्यासाठी, की प्रचंड जोर हातात आला म्हणजे माणसावर किती बारीक हिशेबाची जबाबदारी येऊन पडते, हे या तोळाभर गोळीइतके स्पष्ट क्वचितच कोणी शिकवले असेल.

तंबाखूच्या दुकानातून तोफखान्याकडे

हॉलंड घराण्याचा मूळ पुरुष हॅरिस हॉलंड हा तंबाखूचा व्यापारी. नेमबाजीचा नाद भारी. त्या नादापायी त्याने १८३५ साली लंडनमध्ये बंदुकांचा धंदा सुरू केला. स्वतःला मूलबाळ नव्हते, म्हणून पुतण्या हेन्री याला हाताशी घेतले. आणि १८७६ पासून पेढीवर ‘हॉलंड अँड हॉलंड’ अशी पाटी लागली. आपल्याकडच्या अनेक संस्थानिकांच्या शस्त्रागारांत या पेढीच्या बंदुका होत्या.

१९१२ साली या पेढीने एक काडतूस काढले: ‘.३७५ मॅग्नम’. मॅग्नम हा शब्द लॅटिन. अर्थ मोठा. युरोपात दोन बाटल्यांची दारू मावेल अशा मोठ्या बाटलीला मॅग्नम म्हणतात. तोच शब्द बंदूकवाल्यांनी उचलला. तेथे द्राक्षाची दारू, येथे बंदुकीची, एवढाच फरक! या .३७५ ची नळी घेऊन तिचा गळा अधिक आवळला, आणि त्यात .३० इंच जाडीची गोळी बसवली, तेव्हा आपले तोळ्याचे ‘सुपर थर्टी’ जन्माला आले. थोरल्याची ताकद हत्ती-रेड्यांसाठी, धाकट्याचा पल्ला दूरच्या हरणांसाठी, अशी ही दोन भावंडे.

त्यांची घडण मोठी पाहण्यासारखी आहे. काडतूस साडेतीन इंचांहून लांब, आणि बुडापासून वर निमुळते होत गेलेले. असे का? तर ही काडतुसे ज्या मुलखांत वापरायची, ते आफ्रिका आणि हिंदुस्थान म्हणजे रणरणत्या उन्हाचे देश. त्या काळी इंग्रजी काडतुसांत ‘कॉर्डाइट’ नावाची धूरविरहित दारू भरत. १८८९ सालचा हा शोध. ही दारू चूर्णासारखी नसून चक्क शेवयांसारख्या लांब काड्यांची असे. तिचा एक स्वभावदोष होता: हवा तापली की तिचाही पारा चढे. लंडनच्या थंडीत शहाण्यासारखे वागणारे काडतूस नागपूरच्या मे महिन्यात बंदुकीत भलताच दाब निर्माण करी. मग पितळी नळी फुगून आतच रुतून बसायची. समोरून चिडलेला रेडा येत आहे आणि रिकामे काडतूस बाहेर निघत नाही, या प्रसंगाची कल्पनाच केलेली बरी! म्हणून नळी ऐसपैस ठेवली, आतला दाब बेताचा राखला, आणि आकार निमुळता केला. निमुळते बूच जसे थोड्या ओढीने सुटते, तशी ती नळी बंदुकीतून सुटून येते.

पण निमुळतेपणामुळे एक नवीच अडचण उभी राहिली. काडतूस बंदुकीच्या घरात नेमके किती आत जाऊन थांबावे, हे कशाने ठरायचे? उतरत्या खांद्यांचा माणूस जसा पिशवी अडकवायला निरुपयोगी, तसे या काडतुसाचे उतरते खांदे त्याला नेमके अडवायला अपुरे. हॉलंड पेढीने त्यावर नामी युक्ती काढली. नळीच्या बुडाशी धातूचाच एक उठावदार पट्टा ठेवला. काडतूस त्या पट्ट्यावर येऊन अडते. हा कमरपट्टा पुढे इतका प्रसिद्ध झाला, की १९४४ सालच्या वेदरबी मॅग्नमपासून १९६३ सालच्या विंचेस्टर मॅग्नमपर्यंत अमेरिकेतल्या कितीतरी काडतुसांनी तो कमरेला बांधला. सारे याच घराण्याचे वंशज!

घरातला छोटा कारखाना

अमेरिकेत या काडतुसाचे नाव झाले ते १९३५ साली. ओहायो राज्यात कॅम्प पेरी येथे नेमबाजीचे मोठे सामने भरतात. तेथे बेन कम्फर्ट नावाच्या नेमबाजाने हजार यार्डांवरचा विम्बल्डन चषक या .३०० मॅग्नमने जिंकला. हजार यार्ड म्हणजे अर्ध्या मैलाहूनही अधिक! मग काय विचारता? विंचेस्टर कंपनीने आपल्या नव्या ‘मॉडेल ७०’ रायफलीत या दोन्ही मॅग्नम काडतुसांची सोय केली, आणि लंडनच्या लॉर्डांची चीज अमेरिकेतल्या सामान्य शिकाऱ्याच्या हाती आली.

हाती आली खरी, पण काडतुसे महाग पडत. आणि त्या महागाईतून एक छंद फोफावला: आपली काडतुसे आपणच भरायची. काडतुसात चार वस्तू असतात. पितळी नळी, तिच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. यांत सर्वांत किमती ती पितळी नळी, आणि बार उडाल्यावर नेमकी तीच शाबूत राहते. मग ती फेकून का द्यावी? लोणच्याची बरणी आपण दरसाल नवी घेतो का?

दुसऱ्या महायुद्धाने या छंदाला अनपेक्षित हातभार लावला. युद्ध संपले आणि अमेरिकन सरकारजवळ दारूचे डोंगर शिल्लक राहिले. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थाने आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ती शिल्लक दारू विकत घेतली आणि हौशी लोकांना किरकोळीत विकायला सुरुवात केली! त्यांत २० मिलिमीटर तोफांसाठी बनवलेली एक मंद जळणारी दारू होती. मोठ्या पोटाच्या मॅग्नम नळ्यांना असा मंदाग्नीच हवा असतो. भडका एकदम न होता गोळीला मागून जोर मिळत राहावा लागतो. तोफेची ही दारू मॅग्नमवाल्यांना फार मानवली.

हिवाळ्याच्या रात्री जेवणे आटोपली, की हा हौशी माणूस तळघरातल्या किंवा मोटारखान्यातल्या टेबलाशी बसतो. जळकी टोपी काढून टाकायची, फुगलेली नळी तेलाचे बोट लावून पोलादी साच्यात दाबायची, लांबलेली मान कातरून पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि शेवटी गोळी दाबून बसवायची. वाचताना सोपे वाटते. पण प्रत्येक पायरीवर एक खड्डा आहे.

पहिला खड्डा त्या प्रसिद्ध कमरपट्ट्याचाच. काडतूस पट्ट्यावर अडत असल्यामुळे बंदूक बनवणारे खांद्यापाशी थोडी मोकळीक ठेवतात. बार झाला की नळी त्या मोकळ्या जागेत ताणली जाते. साच्यात घालून ती पुन्हा मागे लोटली, की पुढच्या बाराला पुन्हा ताणली जाते. असे तीन-चार वेळा झाले, की पट्ट्याच्या अगदी वर पितळ आतून झिजून पातळ होते. आणि एके दिवशी नळीचे दोन तुकडे होतात. शहाणा माणूस म्हणून काय करतो? बारीक तारेचे टोक वाकवून ते नळीत घालतो आणि आतून हळूच फिरवतो. कोठे खाच लागली, की ती नळी भंगारात! शिवाय साचा असा लावतो, की खांदा केसभरच मागे सरेल. तसे केले, की काडतूस पट्ट्याऐवजी खांद्यावर टेकते आणि नळीचे आयुष्य वाढते.

दुसरा खड्डा दारूच्या डब्यांचा. मंद दारू आणि जलद दारू पाहायला पुष्कळदा सारख्याच दिसतात. मंद दारूच्या मापाने जलद दारू भरली, तर गोळी पुढे जाण्याऐवजी बंदूकच फुटायची. म्हणून या छंदातला पहिला नियम असा, की टेबलावर एका वेळी एकच डबा. काम संपले की तो बंद करून फळीवर, मगच दुसरा. आपल्या घरातल्या बायका मिठाचा आणि पिठीसाखरेचा डबा शेजारी ठेवत नाहीत, त्याच शहाणपणाची ही थोरली आवृत्ती.

आणि तिसरी गोष्ट तोलण्याची. दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोलतात. म्हणजे किती? सराफाच्या एका गुंजेचे एकोणीस भाग करावेत, त्यांतला एक! पुस्तकात दिलेल्या कमाल मापाहून दहावा हिस्सा कमी भरून सुरुवात करायची, दोन-चार बार करून नळीवर अधिक दाबाच्या खुणा उमटतात का ते पाहायचे, आणि मग चिमटीने वाढवत जायचे. कोणत्या दिवशी, कोणती दारू, किती, कोणत्या गोळीमागे, हे सारे वहीत आणि पेटीवर लिहून ठेवायचे. दारूच्या मापांचे आकडे येथे मुद्दामच दिलेले नाहीत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे.

चिखलाने माखलेला मूस

एवढे सगळे केले तरी एक वस्तू त्या माणसाच्या हाताबाहेरच राहते. ती म्हणजे गोळी. ती तो बाजारातून आणतो. आणि आपल्या कथेची खरी गाठ येथेच आहे.

ऑरेगन राज्यातल्या ॲशलंडचा जॉन नॉस्लर हा मालमोटारींच्या धंद्यातला माणूस. १९४६ साली तो कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मूसच्या शिकारीला गेला. मूस म्हणजे सोनाराची मूस नव्हे बरे का! हा हरणांच्या कुळातला सर्वांत धिप्पाड प्राणी. खांद्यापाशी सहा फुटांहून उंच, वजनाने पाच-सहाशे किलोपर्यंत जाणारा. नॉस्लरच्या हाती .३०० मॅग्नम होती. समोर एक नर आला. अंतर थोडे. नेम चुकला नाही. परंतु मूस पडेना! पुन्हा बार, तरी पडेना. चिखलात लोळून आलेल्या त्या जनावराच्या कातडीवर वाळलेल्या चिखलाचा जाड थर होता. वेगवान गोळ्या त्या थरावर आणि पुढच्या मांसावर आपटून वरच्यावर फुटत होत्या. आत मर्मापर्यंत पोचतच नव्हत्या.

हे असे का व्हावे? गृहिणींना याचे उत्तर चटकन उमगेल. शिकारीची गोळी म्हणजे एक धातूची करंजी असते. वर तांब्याची पारी, आत शिशाचे सारण. जनावराला लागताच पारीचे तोंड उलगडावे, शिसे छत्रीसारखे पसरावे आणि जखम मोठी होऊन जनावर जागच्या जागी कोसळावे, अशी अपेक्षा. पण तूप फाजील तापले तर करंजी पडता क्षणीच फुटते आणि सारण कढईभर होते. मॅग्नमच्या गोळीचे जवळच्या अंतरावर तेच झाले. वेग वाढला, पण करंजी जुन्याच विस्तवाच्या बेताची राहिली. जो वेग वाढवण्यासाठी ही सारी खटपट, तोच गोळीचा वैरी ठरला!

असे अर्धवट घायाळ जनावर निसटले तर काय होते, हे आपल्या देशाला चांगले ठाऊक आहे. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली कुमाऊँमध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर होते. वाघीण पडल्यावर कॉर्बेट यांनी तिचे तोंड उघडून पाहिले. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. ही जुनी बंदुकीची जखम होती. त्या जखमेमुळे तिला आपले नैसर्गिक भक्ष्य मारता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ती पहिली गोळी कोणी झाडली, हे कोणालाच माहीत नाही. तो माणूस ‘लागली असेल, नसेल’ म्हणत घरी गेला असेल, जेवून झोपला असेल. त्याच्या अर्ध्या बाराची किंमत डोंगरातल्या गवत कापणाऱ्या बायाबापड्यांनी मोजली.

करंजीत भिंत

कॅनडातून परतलेल्या नॉस्लरला मात्र झोप लागली नाही म्हणा. दोष दारूला देता आला असता, बंदुकीला देता आला असता, चिखलाला तर सहजच देता आला असता. त्याने तसे केले नाही. गोळी फुटते ना? मग न फुटणारी गोळी करू, असे म्हणून तो कामाला लागला.

त्याची युक्ती ऐकल्यावर वाटते, ही आपल्याला का सुचली नाही! त्याने तांब्याची कांडी घेतली आणि दोन्ही टोकांकडून भोके पाडली. मात्र ती आरपार एकमेकांना मिळू दिली नाहीत. मध्ये तांब्याची एक भिंत शाबूत ठेवली. दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांत शिसे भरले. झाली गोळी! पुढचा अर्धा भाग जनावराला लागताच उलगडतो, पसरतो, हवा तर फुटूनही जातो. पण फुटणे त्या भिंतीपाशी येऊन थांबते. मागचा अर्धा भाग घट्ट राहून आत शिरत जातो. एकाच करंजीत भिंत घालून दोन सारणे केली, म्हणा ना!

पुढच्या वर्षी तो एका मित्राला घेऊन पुन्हा मूसच्या मुलखात गेला. दोघांजवळ घरी केलेल्या या नव्या गोळ्या होत्या. दोघांना एकेक मूस मिळाला, आणि दोन्ही एकेका बारात पडले. १९४८ साली त्याने या गोळ्यांचा कारखानाच काढला. २०१० साली, वयाच्या ९७ व्या वर्षी नॉस्लर वारला. पण मधल्या भिंतीची ही ‘पार्टिशन’ गोळी आजही घरी काडतुसे भरणाऱ्यांच्या टेबलावर असते.

आणि ते जुने ‘सुपर थर्टी’? त्याचे दिवस मात्र सरले. १९६३ साली विंचेस्टरने तोच कमरपट्टा राखून बुटके काडतूस काढले. ते साध्या लांबीच्या रायफलीत मावते आणि जोरही तितकाच देते. तेव्हा लांबलचक, निमुळते, घरंदाज काडतूस मागे पडले. थोरला भाऊ .३७५ आफ्रिकेत अजून खडा आहे. धाकट्याची काडतुसे दुकानात क्वचित दिसतात. तो जिवंत आहे तो रात्री टेबलाशी बसून तारेच्या टोकाने नळ्या चाचपणाऱ्या त्या हौशी मंडळींमुळे.

शिकारीची हौस आपल्याकडे संपली, हे मी आरंभीच म्हटले. पण जोराची हौस कोठे संपली आहे? मोटारीचा वेग घ्या, यंत्राची ताकद घ्या, नाही तर माणसाच्या जिभेचा जोर घ्या. वाढवायला सगळेच तयार असतात. ती शक्ती दुसऱ्या टोकाला जाऊन काय करील, याचा हिशेब गुंजेच्या एकोणिसाव्या भागापर्यंत करणारे थोडे.

सराफाच्या काट्यात गुंजभर चूक झाली, तर दुसऱ्या दिवशी पेढीवर जाऊन भांडता येते, पैसेही परत मिळतात. सुटलेल्या बाराचे तसे नाही. म्हणून यंदा धनत्रयोदशीला ते तोळ्याचे वजन हातावर घ्याल, तेव्हा त्या चंपावतच्या वाघिणीचा तुटका सुळा क्षणभर आठवा, आणि मग वजन सराफाच्या खणात परत ठेवा.